नकाशावरचं बोट

मार्लिस ट्वेटचा पाय काही केल्या स्वस्थ राहीना. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर एल्डर खोऱ्याचा भलामोठा नकाशा, समोर वन्यजीव खात्याचं मंडळ आणि मधोमध एक माइक. बोलायचंय त्याला तीन मिनिटं. तिचा नंबर यायला अजून वेळ होता.

खात्याचं म्हणणं सरळ होतं. खोऱ्यात एल्क हरणं उरलेली नाहीत, म्हणून पाच वर्षं शिकार बंद करायची; निर्णय आज मंडळ घेणार. शेजारी बसलेले तिचे बाबा, ऑर्विल, ऐंशी ओलांडलेले. पाच वर्षांनी खोरं उघडेलही, पण म्हाताऱ्याचे गुडघे तोवर थांबणार होते थोडेच! बंदीची कुणकुण लागल्यापासून ते अर्ध्या ताटावरून उठायचे, बंदूक काढून पुसायचे आणि परत कपाटात ठेवायचे. तिला ते बघवत नव्हतं.

माइकवर शेजारचा, बाबांच्याच वयाचा ड्वेन होता, टोपी मुठीत चुरगाळत. "हीटर लावून ऑफिसात बसता तुम्ही! हे आकडे आणता कुठून? स्वप्नात दिसतात काय?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. खात्याची प्राणीतज्ज्ञ रेनाटा शांतपणे उठली. "तुमच्याकडूनच आणते, ड्वेन. रान दाट, विमानातून काही दिसत नाही. म्हणून दर हिवाळ्यात तुम्हाला फोन करते. तुम्ही सगळे सांगता, एकही दिसलं नाही. मग मी काय लिहू?"

टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. चोराच्या मनात चांदणं! या खोऱ्यात एकवेळ बायको माहेरी का गेली ते चारचौघांत सांगतील, पण एल्क कुठे दिसली ते सांगणार नाहीत. शिकारीची जागा पोटच्या पोराला दाखवायची, तीही तो गप्प राहायला शिकल्यावर. बाकी जगाला एकच उत्तर, "छे! चार खारी दिसल्या."

गेल्या हिवाळ्यातला फोन मार्लिसला लख्ख आठवला. तव्यावर एल्कचं मटण चुरचुरत होतं आणि बाबा फोनवर सांगत होते, "खुराचा ठसासुद्धा नाही हो, बाई!" फोन ठेवून त्यांनी डोळा मारला होता. ती खो खो हसली होती. दुसऱ्या दिवशी तिला फोन आला, तेव्हा तीही तेच बोलली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिचं नाव पुकारलं. बाबांनी बाही धरली. "मार्ली, जागा सांगायची नाही हं."

ती माइकपाशी गेली. "आम्ही खोटं बोललो," ती म्हणाली. "मी बोलले. बाबा बोलले. इथल्या बहुतेकांनी तेच केलंय."

"ए, स्वतःपुरतं बोल!" ड्वेन मागून ओरडला.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मग हरणं आहेत कुठे? जागा कळल्याशिवाय आम्ही तपासायचं काय?"

मार्लिसने बाबांकडे पाहिलं. जागा त्यांची होती. आजोबांनी त्यांना दिलेली. तिच्या तीन मिनिटांचं घड्याळ पळत होतं.

मग ऑर्विल उठले. काठी टेकत नकाशापाशी गेले आणि बोट टेकवलं. "इथे. साठ-सत्तर तरी."

मार्लिसने नकाशाकडे नीट पाहिलं. बोट दक्षिणेच्या उतारावर होतं. तिथे ते आयुष्यात कधी गेले नव्हते.

"बरोबर! मीसुद्धा तिथेच पाहिली," ड्वेनने री ओढली. खोटं बोल पण रेटून बोल!

रेनाटाने मान हलवली. "तो उतार उघडा आहे. रस्त्यावरूनच दिसतो. दर मार्चमध्ये मी स्वतः बघते. तिथे काही नाही." अध्यक्षबाईंनी सुस्कारा टाकला आणि चष्मा परत चढवला.

आता गेलंच सगळं! मार्लिस तरातरा नकाशापाशी गेली. तिने बाबांचं बोट धरलं. तिने ते नकाशावरून हळूहळू वर सरकवलं, दोन ओढे ओलांडून, जुन्या खाणीच्या मागच्या खोलगट रानापर्यंत. बाबांनी हात आखडला, मग सैल सोडला. रागाने की लाजेने, कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले.

"इथे," ती म्हणाली. "वाटलं तर उद्या दाखवते."

मग मागून ड्वेनचा पडलेला आवाज आला. "हो. तिथेच."

ऑर्विल गर्रकन वळले. "तू? तिथे? कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. तुझा ट्रक वळणावरून गेला की मी वर चढायचो."

"चोरा!"

"अन् तू रे? संत?"

सगळी व्यायामशाळा हसली. हसता हसता एक जण उठून नकाशाकडे आला, त्याच्यामागून आणखी दोघं. नकाशावर बोटं टेकू लागली आणि रेनाटाला खुणा करायला पेन्सिल पुरेना. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "आधी तपासू. यंदाचा शिकारीचा मोसम चालू राहील."

परतताना बाबा ट्रकमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांनी आयुष्यभर जपलेलं गुपित मार्लिसने चारचौघांत उधळलं होतं. असं तोंड फिरवण्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घराचं वळण आलं तेव्हा ते म्हणाले, "आता सगळं गाव तडमडेल तिथे."

"हो, बाबा."

त्यांनी गुडघे चोळले. "मग आपल्याला लवकर निघावं लागेल."