वय माझं, तेल तुमचं : एका स्कूटरची कैफियत

“बाबा, तुम्हाला ही दुरुस्त करता येत नाही, म्हणून भंगारात देताय ना?”

हा प्रश्न बापाच्या तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी भिंगरीशी पैज लावली होती. तिने तो शनिवारी सकाळी, बाबांच्या गालाला साबण असताना विचारला. भिंगरी म्हणजे आमच्या घरची नववीतली मुलगी. आणि ‘ही’ म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि आज माझं डोकं फिरलंय.

बाबांच्या वडिलांनी मला आणलं, तेव्हा अर्धी गल्ली माझ्या आरशात तोंड बघून गेली. बाबा लहानपणी माझ्या हँडलमागे उभे राहून शाळेत गेले. भिंगरीला दवाखान्यातून मीच घरी आणलं, एकही गचका न देता. तेव्हा मी ‘आमची राणी’ होते. गेल्या वर्षी अडायला लागले, तर लगेच ‘म्हातारी’. दहा किक मारून झाल्या की अकरावी लाथ. सात प्लग बदलले. औषधाची बाटली हलवावी तसं मला आडवं करून हलवलं. दुखतंय कुठे, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

बाबांचा एक नियम आहे: जे हलतं, त्याला तेल. दर रविवारी बिजागऱ्या, शिलाई मशीन, सायकल, सगळ्यांना तेल. प्रेमानेच, मान्य. पण माझ्या इंजिनाच्या बाजूला एक जड चाक फिरतं. त्याच्या खिडकीतून आतले पॉइंट दिसतात. धातूचे हे दोन चिमुकले ओठ उघडमीट करतात, तेव्हा प्लगमध्ये ठिणगी पडते. ते हलताना दिसले आणि बाबांनी तिथेही तेलाची नळी खुपसली. ओठ बरबटले, ठिणगी गेली आणि खापर फुटलं माझ्या वयावर.

प्रश्न ऐकून बाबा फणकारले. “उद्या चारला भंगारवाला येतोय. तोवर काय दिवे लावायचे ते लाव.”

आई म्हणाली, आता पोरगी जेवायलाही उठायची नाही, बापाचंच वळण.

भिंगरी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांकडे गेली. आधी पॉइंट बघ, असं सांगून त्यांनी पॉइंटमधली फट मोजायची पत्ती दिली. रविवारी तिने माझं झाकण काढलं आणि खिडकीत टॉर्च मारली. आत नुसता काळा चिकटा. पेट्रोलच्या फडक्याने तो पुसला, बारीक पॉलिश पेपर फिरवला, पत्ती घालून फट जुळवली. एक स्क्रू तीनदा पडला, तीनदा तिने जीभ चावली. मग बाहेर काढलेला प्लग इंजिनाला टेकवून हाताने किक दाबली. निळी ठिणगी.

साडेतीनला मी दुसऱ्या किकमध्ये बोलले. बाबा धावत बाहेर आले. भिंगरीने काळं फडकं पुढे धरलं. त्यांनी ते हुंगलं आणि हळूच म्हणाले, “हे माझंच तेल.”

एवढं कबूल करायला एक वर्ष आणि सात प्लग लागले. मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आधी दुखतंय कुठे ते बघा. न बघता केलेली माया आमच्या जिवावर उठते.

फाटकाशी भंगारवाल्याची गाडी थांबली. भिंगरी काळ्या हातांनी माझं हँडल धरून आईबाबांकडे वळली.

“त्यांना परत पाठवा. ही कुठेही जाणार नाही. चालवा तुम्ही, पण यापुढे हिला उघडणार फक्त मी.”