थर्झाच्या अंगठ्याचा डाग

मित्रांनो, मी टार्बॉक्स घराण्याचे जुने बायबल आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात, त्यांच्या शेतघरात, माझ्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्ने आणि मृत्यू लिहीत असत. लिहिण्याचा मान घरधन्याचा, झेबुलनचा. रोज सकाळी तो मला मांडीवर घेऊन खणखणीत आवाजात वाची. मला केवढा अभिमान वाटायचा!

देशात दक्षिणेकडच्या राज्यांशी यादवी पेटली आणि त्याचा एकुलता मुलगा अल्वा लढायला गेला. पहिल्याच लढाईनंतर तो धारातीर्थी पडल्याचे पत्र आले. झेबुलनने माझ्यावर ठसठशीत लिहिले, 'अल्वा. रणांगणी वीरमरण.' रविवारी मला चर्चमध्ये नेऊन ती ओळ त्याने सगळ्यांना वाचून दाखवली. सारे गाव मान लववून उभे राहिले.

चार महिन्यांनी, ऐन जेवणाच्या वेळी, दारात अल्वा उभा. पायांना चिंध्या, अंगात ताप.

"बाबा, मी घाबरलो. माझं नाव शिवलेला कोट एका मेलेल्या पोरावर टाकला आणि पळालो. त्यालाच माझ्या नावानं पुरलं असणार."

झेबुलन जेवणावरून उठलासुद्धा नाही. मला पुढे ओढून त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. "वाच. माझा मुलगा मेलाय. तू कोण, मला ठाऊक नाही."

"अहो, लेकरू तापानं फणफणलंय," अल्वाची आई थर्झा म्हणाली. "खोडा ना ती ओळ. चुकलं म्हणा."

"साऱ्या गावापुढं वाचलीय मी ती. देवाच्या पुस्तकात खाडाखोड करत नाहीत."

थर्झाने अंगठा ओला केला आणि ते नाव खसाखसा घासू लागली. शाई पसरली, नाव काही जाईना. झेबुलनने मला हिसकावून घेतले, पोराला बाहेर ढकलले आणि कडी घातली.

"बस आता. बटाटे गार होताहेत."

तीन दिवसांनी अल्वा शेजारच्या गावी एका गोठ्यात मेलेला सापडला. माझ्यात त्याची नोंद करायची कुणाला गरज पडली नाही. ती आधीच झालेली होती.

आता मी संग्रहालयात असते. माझी बडदास्त काय सांगू! काचेची पेटी, पांढरे हातमोजे, ऊन म्हणून लागू देत नाहीत. पान मात्र तेच उघडे. तिथल्या बाई शाळकरी मुलांना हळू आवाजात सांगतात, "हा डाग पाहा. वीरमातेचे अश्रू पडलेत इथं." मुले काचेला नाक लावून पाहतात. मला बोलता येत नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला फार जपले. जपायचा होता तो अल्वा. तुमच्या दारी कुणी चुकूनमाकून परत आला, तर पुस्तक मागाहून उघडा. आधी कडी काढा.