अंगणातला खोटा दगड

काँक्रीट ओतून झालं आणि आमच्या टाकव्यात असं ऊन पडलं की ते बघता बघता सुकायला लागलं. माझा मुलगा संदेश लोणावळ्यातल्या बंगल्यांवर दुसऱ्याच्या हाताखाली हे काम शिकला. ओल्या काँक्रीटवर रंगाची भुकटी मारायची, रबरी साचे दाबायचे, की दगडी फरशी उमटते. आमचं अंगण हा त्याचा स्वतःचा पहिला नमुना. दुसऱ्या दिवशी वलवणच्या आसावरी मॅडम तो बघायला येणार होत्या. पटला तर त्यांच्या बंगल्याचं काम त्याचं.

अंगठा दाबून बघत, कडेकडेने साचे मारत तो पुढे सरकत होता. तेवढ्यात माझ्या सासूबाई, विठाबाई, बाहेर आल्या. वाकून त्यांनी एका खाचेत बोट घातलं.

"भात कुटं वाळवायचं?"

"ताडपत्री टाक की, आजे."

"ताडपत्रीला घाम सुटतो. आन पायानं भात फिरवताना ह्या कडा लागत्याल. खाचंतला दाणा कोन टोकरनार, तुजी मॅडम?"

"आजे, काँक्रीट थांबत न्हाई."

"कापनी थांबती व्हय?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मला कोणी काही विचारत नाही. विचारतात तेव्हा नेमकं काहीतरी सुकत असतं.

"मधलं गुळगुळीत ठेव," मी म्हटलं.

"अर्धी हजामत केल्यावानी दिसंल, आई."

"दिसू दे. वर्षाचं भात आहे."

साचा आपटून त्याने थापी उचलली. तोंड फुगवूनच मधला भाग घोटून गुळगुळीत केला. जेवला मात्र दोनदा.

मॅडम आल्या. कडेचा भाग त्यांनी हात फिरवून बघितला.

"सुंदर आहे. पण मध्ये सोडून का दिलंय? पूर्ण केलेलं काम कुठे बघायला मिळेल?"

संदेश माझ्याकडे बघायला लागला. त्याच्याआधी माझंच तोंड सुटलं.

"पुढच्या रविवारी या. गोठ्यासमोर पूर्ण करतोय तो."

"गोठ्यासमोर?" मॅडम आणि संदेश एकदमच म्हणाले.

"ओलं झालं की म्हशी तिथे घसरतात. ठशांवर खूर धरेल."

मॅडम हसल्या, पण मोबाइलमध्ये रविवार टिपून घेतला. येतील की नाही, त्यांचं त्यांना ठाऊक.

"म्हशीचं नशीब," सासूबाई पुटपुटल्या.

गाडी वळायच्या आत संदेश गोठ्याकडे पोचला होता.

"आई, म्हशी हलव आदी."