पेटीतली रुई

कापसाच्या जिनिंगमध्ये कापूस विकत आणायचा, याचं मला हसू यायचं. मी रमाकांत, पिंपळगाव राजाजवळच्या एका जिनिंगचा स्टोअरकीपर. आवारात रुईचे डोंगर असताना प्रथमोपचार पेटीत मेडिकलचा कापूस कशाला? मूठभर रुई कोंबायची, झाकण लावायचं.

गेल्या हंगामात चार नंबरच्या रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, संघर्ष नावाच्या कामगाराचा हात सापडला. पेटीत पट्टी नव्हती, जंतुनाशक नव्हतं. मी तीच धुळकट रुई जखमेवर दाबून बांधली. नवव्या दिवशी तो धनुर्वातानं गेला. चौकशीत मी लिहून दिलं की पेटी भरलेली होती, त्यानंच जखमेची हयगय केली. त्याची आई भिमाबाई त्याच रेच्यावर कामाला आहे. तिनं मला कधी काही विचारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

यंदा यादी मन लावून केली. निर्जंतुक पट्ट्या, कापसाची पाकिटं, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, जंतुनाशक. सगळं खामगावाहून आणून पेटीत भरलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी उघडलं तर सामानावर मूठभर रुई, सरकीसकट. फेकून दिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हात लावला तर ओलसर होती, कोमट होती. मी फिटर गोकुळवर खेकसलो, "काऊन बे, हे तुहे धंदे काय?"

"मी काऊन टाकीन, साहेब? किल्ली त तुमच्यापाशीच हाय."

काल दुपारी भिमाबाईचा तळहात पत्र्यानं फाटला. मी तिच्यासमोर सीलबंद पाकीट फोडलं. आत रुई, सरकीसकट. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. तेच. रक्त फरशीवर ठिबकत होतं.

ती शांतपणे म्हणाली, "साहेब, माह्या संघर्षलेही हेच बांधलं होतं काय?"

वर्षभर पाठ केलेलं खोटं ओठांवर आलं. पण मुठीतली रुई तापत चालली होती.

"हो," मी म्हणालो. "पेटीत काहीच नव्हतं. मी खोटं लिहून दिलं."

मूठ उघडली. आत पांढरी, कोरडी पट्टी होती. मी ती बांधायला पुढं झालो.

भिमाबाईनं रक्ताळलेला हात मागं घेतला.

"पह्यले कागदावर लिहा," ती म्हणाली. "मी उभी हाय."