रॅटलिफचा नियम

नऊ वर्षं मी या माणसाच्या ताटात ग्रेव्ही वाढली. थुंकले नाही, एवढंच. देवाशपथ, रोज मनात यायचं.

रॅटलिफ आमच्या शाळेचा पोलीस. कमरेला पिस्तूल, बेड्या, आणि चालणं असं की शाळा याच्या बापाची. जॉर्जियातल्या या एवढ्याशा गावात मी एकवीस वर्षं शाळेच्या जेवणघरात वाढते. माझी लेक केझाया इथेच नववीत होती. रांगेत कुणीतरी धक्का दिला, तिचा ट्रे कलंडला आणि ग्रेव्ही सांडली रॅटलिफच्या शर्टावर. झालं! त्यानं पोरीला पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला, बेड्या घातल्या. तिचं तोंड त्याच ग्रेव्हीत, आणि ती "मम्मा, मम्मा" करत होती. मी काउंटरमागे, हातात डाव घेऊन. मेल्यानं कागदावर लिहिलं, 'ट्रेने हल्ला केला.'

त्या तीन शब्दांपायी नर्सिंगच्या शाळेनं तिला दोनदा दारातून परत पाठवलं. आता तेवीस वर्षांची आहे, म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी बदलते. वकील म्हणाला, "त्यानं स्वतः लिहून दिलं की माझं चुकलं, तरच न्यायाधीश नोंद पुसतील." मी गेले होते विचारायला. रॅटलिफ हसला.

"व्हर्लीन, नियम म्हणजे नियम. तू पोरीला वळण लावलं नाहीस, त्याला मी काय करू?"

तळपायाची आग मस्तकात गेली, पण परत येऊन ग्रेव्ही ढवळली. नोकरी होती ना!

आणि नियम तरी कुणाचा? त्याचाच. जेवणघरात कुणी कुणावर हात उचलला, की ज्या मोठ्या माणसानं ते पाहिलं त्यानं कागद भरायचा. एक प्रत शाळेला, एक थेट शेरीफच्या पोलीस कचेरीत. "वय बघायचं नाही, घराणं बघायचं नाही," असं पालकांच्या सभेत छाती काढून सांगायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी त्याच्याच घराण्यानं हात उचलला. त्याची नात हॅडली, चौदा वर्षांची. शेजारची पोरगी तिच्या आईबद्दल काहीतरी बोलली आणि हॅडलीनं ट्रे उचलून तिच्या कपाळात घातला. भुवई फुटली. देखरेखीच्या बाई फोनवर बोलायला बाहेर गेलेल्या. मोठ्या माणसांत पाहणारी मी एकटी.

जखमी पोरीला बर्फ देऊन नर्सकडे पाठवलं. हॅडलीला आत आणून दुधाच्या क्रेटवर बसवलं. मग खणातून कागदांचं पुस्तक काढलं आणि सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं, 'ट्रेने हल्ला केला.' काय सांगू, नऊ वर्षांत इतकं गोड काही तोंडाला लागलं नव्हतं.

रॅटलिफ धापा टाकत आला. आधी नातीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"मिस व्हर्लीन, तुम्ही हे पाठवणार नाही ना?"

मिस! आणि तुम्ही!

"का बरं? नियम म्हणजे नियम."

"लेकरू आहे हो ते. चुकून झालं."

"माझं काय मांजर होतं?"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, तर म्हटलं दाबूच. कोरा कागद आणि माझं पेन त्याच्यापुढे सरकवलं. "लिही. केझायानं मारलं नाही. ट्रे कलंडला. मी खोटं लिहिलं."

"माझी नोकरी जाईल, पेन्शन जाईल."

"मग हिची प्रत जाईल. शेरीफची टपालगाडी दोनला येते."

लिहिलं. सही वाकडी आली. शाळेच्या क्लार्कबाईंना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा सही करायला लावली. मग तो म्हणाला, "आता हिचा कागद फाडा."

"नाही. जूनमध्ये न्यायाधीशांचा शिक्का पडेपर्यंत माझ्या खणात राहील. तोवर झोप कशी लागते बघ. मी नऊ वर्षं बघितलंय."

तो मान खाली घालून गेला. हॅडली तिथेच क्रेटवर बसलेली.

"तुमच्या मुलीनं खरंच मारलं नव्हतं?"

"नाही."

"मी मारलं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. केझायाला तर हात बांधल्यामुळे तेवढंही करता आलं नव्हतं.

माझ्यातच काहीतरी बिघडलं म्हणायचं. तिच्या डोळ्यांदेखत कागद टराटरा फाडला, सगळ्या प्रती, आणि खरकट्याच्या बादलीत टाकला. "जा, सांग तुझ्या आजोबाला." ती गेल्यावर स्वतःला शिव्या घातल्या. व्हर्लीन, अगं मूर्ख बाई, आता तो फिरला तर?

दुसऱ्या दिवशी रॅटलिफ रांगेत आला. टोपी हातात. हळूच म्हणाला, "आहे ना तो कागद खणात?"

म्हणजे हॅडलीनं त्याला सांगितलंच नव्हतं! "आहे," म्हटलं.

आज मेची वीस तारीख. रोज विचारतो, रोज मी "आहे" म्हणते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलीत त्याच्या. परवा हॅडली नेमकी त्याच्या मागे उभी होती. सगळं ऐकलं तिनं. आजोबा पुढे सरकला तसा तिनं ट्रे धरला, दोन्ही हातांनी, घट्ट.

"मिस व्हर्लीन, केझायाची तारीख कधी आहे?"

"नऊ जून."

"बरं," ती म्हणाली. "मला थोडी जास्त ग्रेव्ही वाढा."