पाठीवरची पट्टी

“पुढच्या रविवारी ही पट्टी पाठीवर दिसता कामा नये,” इथल्या बाइक क्लबचा एक दाढीवाला इंग्रजीत म्हणाला आणि यांच्या खांद्यावर अलगद थोपटून गेला. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. कॅफेत माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

झालं होतं एवढंच. आमचे हे, कमलाकर, बर्मिंगहॅमच्या बस गॅरेजमध्ये मेकॅनिक. दोन हजार तीन साली, पन्नाशी उलटल्यावर, यांच्या डोक्यात मोटरसायकलचं खूळ शिरलं. आणखी चार मराठी माणसं जमली आणि रविवारी फिरायला निघू लागली. त्या दिवशी आम्ही बायका कारनं मागोमाग गेलो होतो. आता चार मराठी माणसं जमली की मंडळ आलंच! नाव ठरलं शिलेदार मंडळ. जॅकेटच्या पाठीवर वर ‘शिलेदार’, मध्ये घोडा, खालच्या पट्टीवर ‘बर्मिंगहॅम’, सगळं इंग्रजी अक्षरांत. मंडळाच्या नावाखाली गावाचं नाव नको? आपल्याकडे वर्गणीच्या पावतीवरसुद्धा असतं. मीच शिवलं सगळं, दुहेरी टाक्यानं.

मंडळातला रघुवीर आयटीवाला. त्यानं चौकशी करून मला फोन केला. “काकू, काकांना समजवा. या बाइक क्लबवाल्यांत पाठीवर असे तीन तुकडे लावले आणि खाली गाव लिहिलं, की ते गाव आमचं, असा क्लेम असतो. वर्षानुवर्षं त्यावरून भांडतायत ते. दुसऱ्या एका क्लबनं नाव लावलं तर त्यांचं क्लबहाउस जाळलं. आम्ही चौघांनी पट्ट्या काढल्यात.”

फोन ठेवून मी यांना सगळं सांगितलं. “अहो, ऐकलंत ना?”

“ऐकलं. पंचवीस वर्षं इथल्या बसखाली लोळतोय मी. कौन्सिल टॅक्स भरतोय. माझ्या गावाचं नाव लावायला यांची परमिशन घेऊ?”

“मेलं ते नाव! डोकं फोडलं म्हणजे?”

“फोडू देत.”

हट्टी माणूस! रोज संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की एक मोटरसायकल आमच्या गल्लीत यायची, दारासमोर थांबायची. कुणी उतरायचं नाही. इंजिन धडधडत राहायचं, मग निघून जायची. हे जेवत राहायचे. मी ताट सोडून पडद्याआडून बघत राहायचे. पोलिसांना तरी काय सांगणार, रस्त्यावर गाडी थांबते म्हणून?

रविवारी मंडळातलं कुणी फिरकलं नाही. यांनी जॅकेट चढवलं. पट्टी मला गुपचूप उसवता आली असती, पण यांना न विचारता हात लावणं जिवावर आलं. मी हेल्मेट घातलं आणि जन्मात पहिल्यांदा मागे बसले.

“तू कुठे?”

“येतेय.”

यांच्या पाठीला घट्ट चिकटले. नाव माझ्या कोटाआड गेलं. मारायचंच तर आधी मला मारा म्हणावं.

त्याच कॅफेसमोर मोटरसायकलींची रांग होती. आत शिरलो, मी यांच्या मागे अगदी खेटून. गेल्या रविवारी इथल्या रीतीनं ‘मॉर्निंग, लव्ह’ म्हणणारी मालकीण पाठ फिरवून कप पुसायला लागली. कुणीतरी आमच्यामागे दाराची कडी लावली. दाढीवाला उठून माझ्यापाशी आला.

“बाजूला हो, लव्ह.”

“नाही होणार,” मी सरळ मराठीतच म्हणाले.

तेव्हा हे वळले. माझ्या तोंडाकडे बघितलं. भीतीनं माझे ओठ कापत होते, ते यांना दिसलं असणार. यांनी जॅकेट काढलं आणि टेबलावर पालथं घातलं.

“श्यामला, कात्री आहे?”

होती. मी मुद्दाम आणली होती. मी उसवायला घेतलं, पण दुहेरी टाका लवकर सुटेना. हे नुसत्या शर्टात भिंतीकडे बघत उभे राहिले. दाढीवाल्यानं पट्टी उचलली, घडी करून खिशात घातली.

“नो हार्ड फीलिंग्ज,” तो म्हणाला आणि दार उघडलं.

बाहेर आल्यावर यांनी जॅकेट घालून चेन गळ्यापर्यंत ओढली.

“चहा घ्यायचा कुठे?” मी विचारलं.

“घरी.”

वाटेत सिग्नलला गाडी थांबली. यांनी इंजिन बंद केलं. यांची पाठ मात्र गदगदतच होती. मी दोन्ही हातांनी यांना धरून ठेवलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या कारनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. आम्ही तिथंच होतो.