बाल्कनीच्या दाराचा नियम

दिवे, पडदे आणि दारांवरचे सेन्सर यांना एकमेकांशी बोलतं ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर बंद होणार होतं, म्हणून रविवारी दुपारी नवऱ्याने सगळं घर नव्यावर हलवायला घेतलं. तो लॅपटॉपसमोर, मी बाळाला कडेवर घेऊन खोल्याखोल्यांतून. एकेका वस्तूचं बारीक बटण टाचणीने दाबून धरायचं आणि हाक मारायची.

"बाथरूमचा दिवा आला का?"

"नाही. माहेर सोडायला तयार नाही."

"मला कुणी विचारलं होतं?"

तो हसला. मीही हसले असेन.

वस्तू आल्या, पण नियम आपोआप येईनात. अंधार पडला की दिवा लागावा, बाळाची खोली गार झाली की हीटर सुरू व्हावा, असे. ते जुन्यात वाचून नव्यात हाताने टाकायचे. "तू वाचून ठेव, मी चहा आणतो," म्हणत तो उठला.

मी वाचत गेले. 'बाल्कनीचं दार उघडलं आणि मी घरात नसलो, तर ताईला कळव.' मी म्हणजे तो. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई.

बाळंतपणानंतर मी कपडे वाळत घालायला गेले की त्यांचा फोन यायचाच. काय गं, काय चाललंय, बाळ झोपलं का. सख्खी बहीण करणार नाही इतकं करतात, असं मी आईला कौतुकाने सांगायचे. आमच्या बाल्कनीतून खालच्या गाड्यांची फक्त टपं दिसतात.

तो कप घेऊन आला. मी स्क्रीनकडे बोट केलं.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, लक्ष ठेवा," तो कप खाली ठेवत म्हणाला. "तू तेव्हा काही बोलायचीच नाहीस."

"हं."

"चिडलीस?"

मी आत चाचपून पाहिलं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तरी गाल आपला वाटत नाही, तसं होतं.

"हा नियम सोडून देऊ," तो म्हणाला. "आता तू बरी आहेस ना."

हा प्रश्न होता की नाही, कळलं नाही. बाळाने माझं कानातलं ओढलं. दुखलं, पण शेजारच्या बाईला दुखावं तसं.

"सरक," मी म्हणाले. "मीच टाकते."

टाकला. फक्त 'आणि मी घरात नसलो' एवढं गाळलं. नियम लागू झाला का, ते दार उघडूनच बघावं लागतं. बाळाला त्याच्या हातात दिलं आणि दार सरकवलं. वाऱ्याने पडदा आत आला. मी बाहेर पाऊल टाकलं नाही.

फोन वाजला.

"काय गं, कपडे वाळत घालतेस?"

"नाही ताई. मला अजून बरं वाटत नाहीये. तुम्ही येता का?"

पलीकडे किल्ल्या वाजल्या.

"निघाले," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस."